डॅटसन : स्वस्त गाडीतून काय काढायचं?

बहुतेक नावं बाजारातून एकदाच जातात. डॅटसन दोनदा गेलं. पहिल्यांदा १९८०च्या दशकात, गाड्या जगभर खपत असताना, खुद्द कंपनीनेच ते पुसून टाकलं. दुसऱ्यांदा २०२२ साली, भारतात, गाड्या पुरेशा खपत नाहीत म्हणून. दोन्ही वेळा कंपनी एकच, निस्सान. गिऱ्हाईकही साधारण एकाच जातकुळीचं : आयुष्यातली पहिली गाडी घेणारं, प्रत्येक पैशाचा हिशोब मांडणारं. मग एका पिढीने ज्या नावावर डोळे मिटून विश्वास टाकला, त्याच नावाशी दुसऱ्या पिढीचं सूत का जुळलं नाही?

या प्रश्नात मला रस असण्याची कारणं दोन. पहिलं म्हणजे इस्लामपूरच्या माझ्या मामाकडे डॅटसन गो आहे आणि मामा तिच्यावर मनापासून प्रेम करतो. दुसरं म्हणजे मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या धंद्यात 'पहिल्या आवृत्तीत काय नको' यावर जितक्या बैठका होतात, तितक्या 'काय हवं' यावर होत नाहीत. स्वस्त वस्तू बनवणं म्हणजे शेवटी हेच, काय गाळायचं ते ठरवणं. डॅटसनच्या शंभरेक वर्षांच्या इतिहासात हे ठरवण्याच्या बऱ्यावाईट जवळजवळ सगळ्या तऱ्हा सापडतात.

ससा आणि सूर्य

हाशिमोतो मासुजिरो नावाचा इंजिनिअर अमेरिकेत उमेदवारी करून जपानला परतला आणि १९११ साली त्याने तोक्योमध्ये काइशिनशा नावाचा छोटा मोटार कारखाना काढला. त्याला पैशांची आणि ओळखीपाळखीची मदत करणारे तिघे होते : देन, आओयामा आणि ताकेउची. १९१४ साली तयार झालेल्या गाडीला या तिघांच्या आडनावांची रोमन आद्याक्षरं जोडून 'डॅट' हे नाव दिलं गेलं. जपानी भाषेत 'दात्तो' म्हणजे जीव घेऊन पळणारा ससा. वेगाने पळणाऱ्या वस्तूला हे नाव शोभणारंच होतं.

ससा फार पळाला नाही. १९२०च्या दशकात फोर्ड आणि जनरल मोटर्स या दोन्ही अमेरिकन कंपन्यांनी जपानमध्येच गाड्या जुळवायला सुरुवात केली. त्यांच्या प्रचंड उत्पादनापुढे हाताने एकेक गाडी घडवणारा कारखाना कुठे टिकणार? काइशिनशाने लष्करासाठी ट्रक बनवले, ओसाकातल्या दुसऱ्या एका कंपनीत विलीन होऊन कसाबसा जीव धरला.

वाट सापडली ती सरकारी नियमात. १९३० साली जपान सरकारने ५०० सीसीपर्यंतच्या छोट्या गाड्यांना चालकाच्या परवान्यातून सूट दिली. मोठ्या अमेरिकन गाड्या या चौकटीत बसत नव्हत्या. म्हणजे स्पर्धाच नाही! डॅटच्या इंजिनिअरांनी बरोबर ४९५ सीसीची एक चिमुकली गाडी बनवली आणि तिचं नाव ठेवलं 'डॅटसन', म्हणजे इंग्रजीत डॅटचा मुलगा. पण जपानीत 'सोन' म्हणजे तोटा. धंद्याच्या नावातच तोटा नको म्हणून १९३२च्या सुमारास स्पेलिंगमधलं एक अक्षर बदललं आणि मुलाचा सूर्य झाला. देवनागरीत लिहिताना हा फरक दिसतच नाही, आपल्याकडे दोन्ही 'सन'च.

नियमाच्या फटीत जन्मलेली गाडी म्हटल्यावर आपल्याला हसू यायचं कारण नाही. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा लहान आणि १२०० सीसीच्या आतल्या पेट्रोल गाड्यांवरचा अबकारी कर कमी झाला. तेव्हापासून भारतातल्या कितीतरी गाड्यांचं बूड त्या मापात कापलेलं आहे. पुढे आलेली सात आसनी डॅटसन गो प्लस ३,९९५ मिलिमीटर लांब होती आणि तिचं इंजिन ११९८ सीसीचं. आजा ५०० सीसीच्या आत पाच सीसी राखून जन्मला, नात चार मीटरच्या आत पाच मिलिमीटर राखून. घराण्याचं वळण म्हणतात ते हेच.

दरम्यान आइकावा योशिसुके या उद्योगपतीने ही कंपनी आपल्या छत्राखाली घेतली. १९३३च्या डिसेंबरात मोटारींसाठी वेगळी कंपनी निघाली, १९३४मध्ये तिचं नाव निस्सान झालं आणि १९३५मध्ये योकोहामाच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावरून डॅटसन बाहेर पडू लागल्या. तो कारखाना उभारण्यात विल्यम गोरहॅम या अमेरिकन इंजिनिअरचा मोठा वाटा होता. पुढे १९४१मध्ये त्याने जपानचं नागरिकत्वच घेतलं.

धापा टाकत शिकलेली गाडी

युद्धानंतर निस्सानने नम्रपणे शिकवणी लावली. १९५२ साली ब्रिटनच्या ऑस्टिन कंपनीशी करार करून तिच्या गाड्या जपानमध्ये जुळवायला आणि मग सुट्या भागांसकट स्वतः बनवायला घेतल्या. शिकलेलं जोखण्यासाठी १९५८मध्ये दोन डॅटसन २१० ऑस्ट्रेलियात मोबिलगॅस ट्रायल या शर्यतीला पाठवल्या. सुमारे १६ हजार किलोमीटरची, बहुतांशी कच्च्या रस्त्यांची ही दौड. गाड्यांची नावं 'फुजी' आणि 'साकुरा'. फुजीने आपल्या गटात पहिला क्रमांक मिळवला.

या चमूचा व्यवस्थापक होता युताका काटायामा. १९६० साली कंपनीने त्याला अमेरिकेला धाडलं. तिथली परिस्थिती बिकट होती. जपानच्या अरुंद, खडबडीत रस्त्यांसाठी बनवलेली गाडी दणकट होती, पण तिचं हजार सीसीचं, ३७ अश्वशक्तीचं इंजिन अमेरिकन महामार्गांवर धापा टाकायचं. काटायामा विक्रेत्यांच्या दारोदार हिंडला, गिऱ्हाइकांचं ऐकत राहिला आणि तोक्योशी भांडत राहिला. या गिऱ्हाइकाला मोठं इंजिन द्या, हा त्याचा धोशा होता.

त्या भांडणाचं फळ म्हणजे १९६७ची डॅटसन ५१०. अमेरिकेत तिची किंमत २,००० डॉलरच्या आत होती, पण १६०० सीसीचं आधुनिक इंजिन होतं आणि मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन होतं. त्या काळी ही चैन महागड्या युरोपियन गाड्यांत मिळायची. १९७१ आणि १९७२ या दोन्ही वर्षी या गाडीने अमेरिकेतली ट्रान्स-ॲम शर्यत छोट्या इंजिनांच्या गटात जिंकली. १९६९च्या शेवटी आलेल्या २४०झेड या स्पोर्ट्स गाडीची तीच कथा : युरोपियन स्पोर्ट्स गाडीचा आनंद, साडेतीन हजार डॉलरच्या आसपास. जपानमध्ये तिचं नाव 'फेअरलेडी'. अमेरिकन माणूस असली पाटी लावून हिंडणार नाही हे काटायामाने ओळखलं आणि ती पाटी काढून टाकली.

ब्रिटनमध्ये वेगळाच अनुभव. स्थानिक गाड्यांत साधा रेडिओ हवा तरी वेगळे पैसे मोजावे लागत, आणि डॅटसनमध्ये तो गाडीबरोबरच येई. सकाळी चावी फिरवली की गाडी सुरू होई. तेव्हाच्या कित्येक गाड्यांबद्दल हे खात्रीने म्हणता येत नसे. १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत डॅटसन तिथे सर्वाधिक खपणाऱ्या परदेशी गाड्यांमध्ये जाऊन बसली.

पण ही नुसती कौतुकाची आरती नको. त्या काळच्या डॅटसन मालकांच्या आठवणींत इंजिनाच्या स्तुतीच्या पाठोपाठ एक शब्द हमखास येतो : गंज. पत्रा खात सुटायचा. ब्रिटनचा ओलावा आणि बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ यांपुढे चाकांवरच्या कमानी आणि दरवाजाखालच्या पट्ट्या काही हिवाळ्यांत चाळणी होत. इंजिन ठणठणीत आणि अंग कुजलेलं! पैसे कुठे वाचवले होते ते तिथे कळायचं. रेडिओ शोरूममध्ये दिसतो, पत्र्याच्या आतला गंजरोधक थर दिसत नाही. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

कुर्ल्यातलं हृदय

भारतात त्या काळी डॅटसनचं दुकान नव्हतं, पण निस्सान आपल्याकडे मागच्या दाराने आधीच आली होती. लष्कराची लाडकी जोंगा ही मुळात निस्सान पॅट्रोल, जबलपूरच्या वाहन कारखान्यात तयार होणारी. आणि मुंबईकरांना आठवत असेल ती कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ११८ एनई. १९८५मध्ये आलेल्या या गाडीचं शरीर जुन्या फियाट १२४चं होतं आणि इंजिन निस्सानचं, ११७१ सीसीचं 'ए१२'. हेच इंजिन १९७०च्या दशकात डॅटसन १२००मध्ये जगभर फिरलं होतं. पद्मिनीतून ११८ एनईत बसलेल्या माणसाला फरक जाणवायचा तो बॉनेटखाली.

त्याच डॅटसन १२००चा छोटा पिकअप ट्रक दक्षिण आफ्रिकेत 'बक्की' म्हणून इतका रुजला की नाव निस्सान झालं, इंजिन १४०० सीसीचं झालं, तरी मूळ साच्यातली गाडी तिथे २००८पर्यंत बनत होती. शेतावरचा माल, बांधकामाचं सामान, भाजीच्या पाट्या, सगळं तिच्या पाठीवर. साधी यंत्रणा, सहज मिळणारे सुटे भाग आणि कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला जमेल अशी दुरुस्ती. जाहिरातीत न बसणारं, पण मालकाच्या खिशाला रोज जाणवणारं हे गणित.

हे सगळं कमावलेलं नाव कंपनीने १९८१मध्ये मोडीत काढायचं ठरवलं. जगभर एकच नाव हवं, निस्सान. परदेशात सुरुवातीला डॅटसन हे नाव वापरण्यामागे, गाड्या पडल्याच तर निस्सानची अब्रू झाकली राहावी असा विचार होता असं सांगितलं जातं. आता यश मिळाल्यावर श्रेय मात्र निस्सानला हवं होतं. पुढच्या काही वर्षांत पाट्या, जाहिराती, गाड्यांवरची अक्षरं बदलली. हा खर्च ५० कोटी डॉलरच्या घरात गेला असा अंदाज दिला जातो. काटायामा १९७७मध्येच निवृत्त झाला होता.

पुनर्जन्म

मार्च २०१२मध्ये निस्सानचे प्रमुख कार्लोस गोन यांनी जकार्तामध्ये जाहीर केलं की डॅटसन परत येतंय. इंडोनेशिया, भारत आणि रशिया हे पहिले देश, मग दक्षिण आफ्रिका. कल्पना कागदावर झकास होती. या देशांत लाखो कुटुंबं दुचाकीवरून चारचाकीकडे सरकत होती. निस्सानच्या नावाला धक्का न लावता त्यांना स्वस्त गाडी विकायची, आणि त्यासाठी जुनं नाव कोठारात पडून होतंच. म्हणजे १९५०-६०च्या दशकातली जुनीच युक्ती.

मार्च २०१४मध्ये डॅटसन गो भारतात आली, दिल्लीतल्या शोरूममध्ये ३ लाख १२ हजारांपासून. मूळ सांगाडा आणि १२०० सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन निस्सान मायक्राचं, कारखाना चेन्नईजवळ ओरगडमचा. आता गाळलेल्या गोष्टींची यादी बघा. समोरच्या काचेला दोनऐवजी एकच वायपर. डॅशबोर्डातल्या कप्प्याला झाकण नाही. रेडिओ नाही, त्याऐवजी मोबाइल अडकवायची जागा. हँडब्रेक दोन आसनांच्या मधून काढून डॅशबोर्डाखाली, जुन्या ॲम्बॅसडरसारखा ओढायचा. एअरबॅग नाही, एबीएस नाही.

यातल्या काही वजाबाक्या मला इंजिनिअर म्हणून आवडतात. २०१४मध्ये प्रत्येकाच्या खिशात गाणी आली होती, मग वेगळा रेडिओ कशाला? गिअरचा दांडा आणि हँडब्रेक वर गेल्याने पुढची दोन आसनं जोडता आली. मामी तिथे पिशवी ठेवते आणि नातवंडं तिथे बसायला भांडतात. पावणेआठशे किलोच्या आसपासच्या अंगाला ६८ अश्वशक्ती म्हणजे चंगळच. भरल्या गाडीने आंबा घाट चढताना मामाच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं, ते त्याच्या दुप्पट किमतीच्या गाडीवाल्यांच्या चेहऱ्यावर मी पाहिलेलं नाही.

पण नोव्हेंबर २०१४मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने गोची टक्कर-चाचणी केली. प्रौढांच्या सुरक्षेसाठी तारे मिळाले शून्य. त्याच वर्षी जानेवारीत ऑल्टो, नॅनो, आय१०, फिगो आणि पोलो यांच्या एअरबॅग नसलेल्या आवृत्त्यांनाही शून्यच मिळालं होतं. तेव्हा एकट्या गोला वाळीत टाकणं बरोबर नाही. मात्र गोबद्दलचा शेरा जास्त गंभीर होता : गाडीचा सांगाडाच टकरीत इतका कोसळतो की एअरबॅग बसवून काही साधणार नाही. संस्थेचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांनी थेट गोन यांना पत्र लिहून गाडी बाजारातून मागे घ्यायला सांगितलं. गाडी विकली जात राहिली. २०१८च्या सुधारित गोमध्ये दोन एअरबॅग आणि एबीएस सगळ्या आवृत्त्यांत आले, पण तोवर नावाचं बरंच पाणी वाहून गेलं होतं.

मामाचा प्रश्न

या शून्य ताऱ्यांबद्दल मी एकदा मामाशी बोललो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आधी आम्ही चौघं मोटरसायकलवरनं जात हुतो. पावसात. तुझी मामी, दोन पोरं. तिला किती स्टार हुते रं?"

या प्रश्नाला हसून बगल देता येत नाही. स्वस्त गाडीचं सगळं नैतिक समर्थन त्यात आहे. सुरक्षेच्या नावाखाली गाडी महाग केली, तर चौघांचं कुटुंब आणखी काही वर्षं दुचाकीवरच राहील, आणि तिथे डोक्यावर पत्राही नाही. नॅनोची कल्पना रतन टाटांना सुचली तीसुद्धा दुचाकीवर पावसात जाणारं असंच एक कुटुंब पाहून. मामाचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. फक्त तो मुद्दा मामाने मांडला तर पटतो, कंपनीने मांडला तर नाही. मामा त्याच्या आयुष्यातल्या दोन पर्यायांची तुलना करतोय. कंपनीसमोर मोटरसायकल हा पर्यायच नव्हता. तिच्यासमोर होते सांगाड्याचे दोन आराखडे, एक टकरीत टिकणारा आणि एक न टिकणारा. त्यातला कुठला निवडला हे मामाला शोरूममध्ये कळायला मार्ग नव्हता.

मग लोकांनी तारे मोजून डॅटसनकडे पाठ फिरवली का? तसं म्हणणं सोयीचं आहे, पण खरं नाही. पुरावा डॅटसनच्याच भावकीत आहे. २०१५मध्ये रेनोची क्विड आली. २०१६मध्ये त्याच सांगाड्यावर, त्याच ८०० सीसीच्या इंजिनाची डॅटसन रेडी-गो आली, किंमत २ लाख ३८ हजारांपासून. २०१६च्या चाचणीत क्विडलाही शून्य तारे मिळाले. तरीही क्विड धडाक्यात खपली. तिचा तोंडवळा एसयूव्हीचा होता आणि वरच्या मॉडेलमध्ये टचस्क्रीन होता. रेडी-गो आणखी स्वस्त असूनही मागे राहिली.

हे कोडं मला माझ्या धंद्याच्या भाषेत सुटतं. ॲपमधून एखादं बटण काढलं की वापरणारा लगेच बोंब मारतो. पासवर्ड नीट जपून ठेवायची व्यवस्था गाळली तर चोरी होईपर्यंत कुणालाही पत्ता लागत नाही. वजाबाकी दोन तऱ्हेची असते, दिसणारी आणि न दिसणारी. दिसणाऱ्या वजाबाकीचा न्याय गिऱ्हाईक करतं, आणि कडक करतं. एकच वायपर आणि बिनझाकणाचा कप्पा पाहून त्याला कळतं की समोरच्याने आपल्याला गरीब समजून गाडी बनवली आहे. गरिबीचा शिक्का दारात उभा करून ठेवायला कुणाला आवडतं? नॅनोने हा धडा २००९पासून सगळ्यांसमोर गिरवला होता. ५१०ने आणि रेडिओवाल्या ब्रिटिश डॅटसनने नेमकं उलटं केलं होतं. कमी पैशांत त्यांनी मालकाच्या हातात असं काही ठेवलं, जे शेजारच्याच्या महागड्या गाडीतही नव्हतं.

न दिसणाऱ्या वजाबाकीचा न्याय मात्र गिऱ्हाईक करू शकत नाही. १९७०च्या दशकात ती पत्र्याच्या आतल्या थरात होती, २०१४मध्ये सांगाड्याच्या पोलादात. म्हणजे डॅटसनच्या पहिल्या अवताराला सोवळं आणि दुसऱ्याला ओवळं ठरवण्यात अर्थ नाही. दोन्ही अवतारांनी न दिसणाऱ्या ठिकाणी हात राखला. पहिल्याने दिसणाऱ्या ठिकाणी भरभरून दिलं म्हणून नाव झालं. दुसऱ्याने दोन्हीकडे काटकसर केली.

यातली दुसरी बाजू बाजाराने नव्हे, नियमाने सावरली. ऑक्टोबर २०१७पासून नव्या मॉडेलना टक्कर-चाचणीचे निकष लागू झाले आणि जुलै २०१९पासून प्रत्येक नव्या गाडीत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. २०२०मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ निकष आले. रेडी-गो, गो आणि गो प्लस या निकषांत बसवूनही विकल्या गेल्या, पण डॅटसनचा घास एव्हाना थंड झाला होता. २०२०मध्ये इंडोनेशिया आणि रशियातलं उत्पादन थांबलं, एप्रिल २०२२मध्ये निस्सानने भारतातलाही पडदा पाडला. गोन यांना २०१८मध्ये तोक्योत अटक झाली होती आणि २०१९च्या शेवटी ते जपानमधून लेबनॉनला निसटले होते. पळणाऱ्या सशाचं नाव असं भलत्याच ठिकाणी सार्थ झालं.

ऑक्टोबर २०२३पासून भारताची स्वतःची तारांकन पद्धत, भारत एनकॅप, सुरू झाली आहे. कंपन्यांना ती ऐच्छिक आहे. तरीही सांगाड्यातली वजाबाकी निदान काही गाड्यांच्या बाबतीत शोरूममध्ये दिसू लागली, हे थोडं नाही. उद्या कुणी पुन्हा दुचाकीवरच्या कुटुंबासाठी गाडी बनवायला घेईल, आणि घ्यायलाच हवी, कारण पावसात भिजणारे चौघं अजून रस्त्यावर आहेतच. तेव्हा त्या बैठकीत रेडिओ, झाकण, दुसरा वायपर यांवर हवी तितकी काट मारावी. त्याचा निकाल लावायला गिऱ्हाईक समर्थ आहे. पत्रा आणि पोलाद यांची नावं त्या यादीत येऊ नयेत, एवढं बघायला बैठकीत गिऱ्हाईक नसतं. ते काम त्या खोलीत बसलेल्या इंजिनिअरचं आहे.